हेडफोन लावलेला पादचारी

गर्दीच्या रस्त्यावर चालणाऱ्या माणसाचे डोळे समोरचे बघतात आणि मागचे सगळे कानांवर सोपवलेले असते. पाठीमागून येणारी रिक्षा, फुटपाथवर चढलेली दुचाकी, वळणावरून आत घुसणारी बस यांची पहिली खबर कानच देतात. ही खबर नुसती 'काहीतरी येते आहे' एवढीच नसते. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला डाव्यापेक्षा किंचित आधी पोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. शिवाय डोक्याच्या आडोशामुळे पलीकडच्या कानाला तोच आवाज थोडा दबून ऐकू येतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवतो आणि आवाज वाढतो आहे की विरतो आहे यावरून अंतर. दादरच्या बाजारातून भाजीची पिशवी सांभाळत, सोबतिणीशी बोलत चाललेली बाई मध्येच अर्धे पाऊल डावीकडे सरकते, तिच्या कोपराजवळून स्कूटर निघून जाते आणि तिचे बोलणे तुटतही नाही. विचारले तर आपण का सरकलो हे तिला सांगता येणार नाही.

हेडफोन लावल्यावर ही नकळत चालणारी राखण थांबते किंवा निम्म्यावर येते. चालताना गाणी ऐकण्यात गैर काहीच नाही. तासाभराची पायपीट, रोजचा तोच रस्ता, डोके उठवणारा गोंगाट यांतून गाणे माणसाला सावरते आणि शहरात राहणाऱ्याला त्याची गरज असते. प्रश्न एवढाच, की कानांनी सोडलेले काम त्या वेळात कोण करणार?

भारतीय शहरांत हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण इथली वाहतूक हॉर्नवर चालते. इथला हॉर्न रागाने क्वचित वाजतो, सांगण्यासाठी सतत वाजतो: 'मी मागून येतोय, आहात तिथेच राहा.' ट्रकांच्या पाठीवरची 'हॉर्न ओके प्लीज' ही अक्षरे याच रिवाजातली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ती रंगवायला मनाई केली, तरी रिवाज काही गेला नाही. रिक्षावाला दोनदा हॉर्न देतो, पुढचा माणूस वळून बघत नाही, तेव्हा रिक्षावाला समजतो की याने ऐकले आहे आणि हा आता सरळच चालेल. त्या समजुतीवर तो वेग तसाच ठेवून बाजूने रिक्षा काढतो. पुढच्या माणसाच्या कानात इअरबड असतील तर त्याला यातले काहीच माहीत नसते आणि तो खड्डा चुकवायला नेमका त्याच बाजूला पाऊल टाकतो. जुन्या वायरवाल्या हेडफोनची निदान वायर दिसायची. आजचे इअरबड केसांखाली, ओढणीखाली, टोपीखाली झाकलेले असतात. खरा धोका इथे आहे. ऐकू न येणे हा त्याचा अर्धाच भाग, आणि ऐकू येत नाही हे मागच्याला कळण्याचा काही मार्ग नसणे हा उरलेला अर्धा. बहिऱ्या आणि म्हाताऱ्या पादचाऱ्यांच्या वाट्याला ही परिस्थिती रोजच असते. हॉर्न दिला म्हणजे आपली जबाबदारी संपली, ही चालकांची समजूत हेडफोन येण्याच्या कितीतरी आधीपासून चुकीची आहे.

कान बंद होतात या तक्रारीची जाणीव यंत्र बनवणाऱ्यांना सुरुवातीपासून होती. सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानात विक्रीला आला. त्याला दोन हेडफोन जोडता येत आणि वर 'हॉटलाइन' नावाचे नारिंगी बटण होते. ते दाबले की गाण्याचा आवाज उतरे आणि आतल्या मायक्रोफोनमधून शेजारच्याचे बोलणे कानात येई. पुढच्या मॉडेलमधून ते बटण गेले. आज महाग इअरबडमध्ये बाहेरचे आवाज आत सोडणारा जो 'ट्रान्स्परन्सी' किंवा 'अँबियंट' मोड असतो, त्याची मूळ कल्पना त्या बटणात होती. मधल्या चार दशकांत हेडफोनची प्रगती नेमकी उलट दिशेने, म्हणजे कान अधिकाधिक घट्ट बंद करण्याकडे झाली.

हे बंद करणे दोन प्रकारांनी होते. पहिला प्रकार साधा: सिलिकॉनचे बोंडूक कानाच्या भोकात नीट बसले की बाहेरचा आवाज अडतो, विशेषतः हॉर्न, सायकलची घंटा, माणसाची हाक असे वरच्या पट्टीतले आवाज. दुसरा प्रकार म्हणजे नॉइज कॅन्सलेशन. बाहेरून येणाऱ्या ध्वनिलहरीच्या नेमकी उलट लहर निर्माण केली की दोन्ही मिळून शांतता होते, या कल्पनेचे पेटंट जर्मन शास्त्रज्ञ पॉल ल्यूग यांना १९३६ मध्ये मिळाले. ती हेडफोनमध्ये उतरवण्याचा ध्यास बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांनी १९७८ मध्ये एका विमानप्रवासात घेतला. विमानाच्या घरघरीत गाणे ऐकू येईना, तेव्हा तिथेच त्यांनी गणित मांडायला घेतले. त्यांच्या कंपनीचे वैमानिकांसाठीचे हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आले. ही पद्धत खालच्या पट्टीतल्या, एकसारख्या चालणाऱ्या आवाजांवर उत्तम चालते. विमानात ते आवाज निरुपयोगी असतात. रस्त्यावर मात्र इंजिनाची घरघर, टायरचा घासता आवाज, बसचा हुंकार हीच जवळ येणाऱ्या वाहनाची सर्वांत आधी मिळणारी खूण असते. नॉइज कॅन्सलेशन ती खूण पुसते आणि घट्ट बसलेले बोंडूक शेवटच्या क्षणीचा हॉर्न बोथट करते. दोन्ही एकत्र असली की पहिली सूचनाही जाते आणि शेवटचीही.

त्यातच रस्त्यावरची वाहने शांत होत चालली आहेत. मुंबईत बेस्टच्या विजेवरच्या बसगाड्या धावतात, विजेच्या स्कूटरी तर गल्लोगल्ली दिसतात. कमी वेगात टायरचा आवाज थोडा आणि इंजिन नाहीच, त्यामुळे उघड्या कानांनाही या गाड्या उशिरा कळतात. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या २०१६ च्या १३८ क्रमांकाच्या नियमावलीत विजेच्या मोटारींनी ताशी २० किलोमीटरपर्यंतच्या वेगात मुद्दाम आवाज करावा अशी तरतूद आली आणि युरोपात १ जुलै २०१९ पासून नव्या मॉडेलना ती लागू झाली. हा कृत्रिम आवाज ताशी १० किलोमीटरला किमान ५० डेसिबल, म्हणजे साधारण बोलण्याहूनही हळू असतो. कानात गाणे चालू असताना तो पोचण्याची आशा धरू नये.

ऐकू येणे आणि लक्ष असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे सांगायला हवे. अमेरिकेतल्या वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठात आयरा हायमन आणि सहकाऱ्यांनी आवारातल्या चौकात एका चाकाच्या सायकलवर रंगीबेरंगी विदूषक फिरवला आणि तिथून गेलेल्यांना तो दिसला का, हे विचारले. एकट्याने जाणाऱ्यांपैकी ५१ टक्क्यांना तो दिसला होता, गाणी ऐकणाऱ्यांपैकी ६१ टक्क्यांना आणि जोडीने चालणाऱ्यांपैकी ७१ टक्क्यांना. मोबाइलवर बोलत जाणाऱ्यांपैकी मात्र फक्त २५ टक्क्यांना. म्हणजे गाण्याने नजर मंदावली नाही, फोनवरच्या बोलण्याने मंदावली. शेजारी चालणारा माणूस रस्ता ओलांडताना आपोआप गप्प होतो, कारण त्यालाही बस दिसत असते. फोनच्या पलीकडचा माणूस घरात बसून हिशेब सांगत राहतो आणि इकडच्याला 'थांब जरा' म्हणायचेही भान राहत नाही. उलट, नजर एखाद्या गोष्टीत पूर्ण गुंतली की उघड्या कानांनाही ऐकू येईनासे होते, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या २०१५ च्या अभ्यासात मेंदूच्या नोंदींवरून दिसले. कानात गाणे आणि हातात पडदा, ही जोडी म्हणूनच सर्वांत वाईट.

लोहमार्गावर याची किंमत सर्वाधिक पडते. अमेरिकेत २००४ ते २०११ या काळात हेडफोन लावलेल्या पादचाऱ्यांच्या ११६ अपघातांचा आढावा मेरीलँडच्या डॉक्टरांनी घेतला. त्यांत निम्म्याहून अधिक अपघात रेल्वेगाड्यांचे होते, सुमारे ७० टक्के अपघातांत माणूस दगावला होता आणि २९ टक्के घटनांत हॉर्न किंवा भोंगा वाजवल्याची स्पष्ट नोंद होती. मुंबईकराला यातले गांभीर्य वेगळे समजावून द्यावे लागत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाची लोकल सेकंदाला २२ मीटर येते आणि ती थांबायला काही शे मीटर लागतात. शिवाय मोठी वस्तू लांबून येताना असते त्याहून सावकाश येत असल्याचा भास होतो. वडाळ्याजवळ २०१० च्या सुमारास फायनलमाइल या मुंबईतल्या संस्थेने रेल्वेच्या मदतीने यावर एक प्रयोग केला. रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे ते एकामागोमाग गाडीखाली जाताना बघून वेग कळावा. मोटरमनने एक लांब भोंगा देण्याऐवजी मध्ये थोडा खंड ठेवून दोन छोटे भोंगे द्यावेत असे ठरले, कारण सलग आवाजाला कान सरावतात आणि तुटक आवाजाने दचकतात. गाडीसमोर सापडलेल्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याचा फोटोही लावला. यातल्या एका उपायाची सगळी भिस्त कानांवर आहे आणि हेडफोन लावलेल्या माणसापुरता तो वाया जातो. रूळ ओलांडणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. फलाटावर मात्र गुन्हा न करताही धोका असतो. तोकियो परिसरातल्या ७८ स्थानकांवर २०२० च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये ९५० वायरलेस इअरफोन रुळांवर पडले आणि ते उचलण्यासाठी रेल्वे कंपनीला खास शोषणयंत्र बनवून घ्यावे लागले. मुंबईच्या फलाटांवर असे यंत्र नाही, पण गर्दीच्या धक्क्याने इअरबड पडू शकतो आणि तो शोधायला वाकलेला माणूसही. पडलेला इअरबड गेला असे समजावे, किंवा स्टेशन मास्तरला सांगावे. लोकलच्या दारात उभे राहून कानात गाणी आणि हातात मोबाइल हेही टाळलेले बरे. रुळांकडेला उभे राहून काठीने हातावर फटका मारणाऱ्या आणि पडलेला मोबाइल उचलणाऱ्या टोळ्या याच प्रवाशावर डोळा ठेवून असतात.

दुसरीकडे, कान बंद करण्याचा एक खरा फायदा आहे आणि तो झाकून ठेवू नये. शहराचा आवाज मुळातच मोठा आहे. व्यापारी भागात दिवसा ६५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा गजबजलेल्या चौकात सहज ओलांडली जाते. त्यावर गाणे ऐकू यावे म्हणून माणूस आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबलला हीच मर्यादा जेमतेम चार तासांवर येते. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. नॉइज कॅन्सलेशनमुळे कमी आवाजात गाणे ऐकता येते आणि कान वाचतात. रस्त्यावर घातक ठरणारी सोय बसमध्ये बसल्यावर औषधासारखी उपयोगी पडते.

म्हणून कोणता हेडफोन घ्यावा यापेक्षा तो कुठे कसा वापरावा, हे आधी ठरवावे. गाडीत बसायला जागा मिळाली की नॉइज कॅन्सलेशन खुशाल लावावे. जिन्याकडे पाऊल वळले की ते बंद करावे. सलग आणि मोकळ्या फुटपाथवर हळू आवाजात गाणे चालते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, पण प्रत्यक्षात टपऱ्या, दुचाकी आणि खोदकाम यांतून पादचारी वारंवार रस्त्यावर उतरतो. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत मरण पावलेल्या १,६८,४९१ लोकांपैकी ३२,८२५ पादचारी होते. त्यांना रस्त्यावर उतरवणाऱ्या व्यवस्थेचा दोष हेडफोनवर ढकलता येणार नाही. तरीही फुटपाथ संपतो तिथे गाणे थांबवणे चालणाऱ्याच्या हातात असते. रस्त्यावरूनच चालावे लागले तर उजव्या कडेने चालावे, म्हणजे जवळची वाहने समोरून येतात आणि कानांचे थोडे काम डोळे करू शकतात. रस्ता ओलांडताना, सोसायटी किंवा पार्किंगच्या तोंडाशी आणि रात्री गाणे पूर्ण बंद असावे.

एकच इअरबड लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो अर्धाच बरोबर आहे. आवाज ऐकू येतो, पण एक कान झाकल्यावर दोन कानांची तुलना उरत नाही आणि सगळेच आवाज उघड्या बाजूने आल्यासारखे वाटतात. निदान रस्त्याकडचा कान उघडा ठेवावा आणि आवाज आला की अंदाज न बांधता वळून बघावे. ट्रान्स्परन्सी मोडची मर्यादाही अशीच आहे. मायक्रोफोनमधून आलेला आवाज खरा असला तरी दिशा धूसर होते, आणि जोराच्या वाऱ्यात फक्त त्याचे घोंघावणे ऐकू येते. कान मोकळा ठेवणारे, हाडांतून आवाज पोचवणारे हेडफोन चालण्यासाठी त्यातल्या त्यात बरे. पण त्यांच्यातही गाणे मोठे केले की बाहेरचे दबते आणि फोनवर बोलताना लक्ष जायचे ते जातेच.

नवा हेडफोन आणला की पहिले दोन दिवस तो घरात वापरावा. कुठे टेकवले की गाणे थांबते, कुठे दाबून धरले की मोड बदलतो, हे बोटांना न बघता जमले पाहिजे. नाहीतर चौकाच्या मधोमध मोबाइल काढून बटणे शोधावी लागतात. फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची वरची मर्यादा तेव्हाच घालून ठेवावी. बोंडुकांचा आकार कानाला बसणारा निवडावा, म्हणजे इअरबड निसटत नाही. फोन आला तर कडेला, दुकानाच्या पायरीशी थांबून बोलावे. लहान मुलांसाठी मर्यादित आवाजाचे हेडफोन मिळतात आणि त्यांच्या कानांसाठी ते चांगले, कारण मुलांसाठी आरोग्य संघटनेची मर्यादा ७५ डेसिबलची आहे. मात्र त्याने मुलाला रस्ता ऐकू येत नाही. शाळेच्या वाटेवर मुलांच्या कानात काहीही नसावे.