संशय आणि प्रयोजन

न्यायसूत्रांनी सांगितलेल्या सोळा पदार्थांत संशय तिसरा आहे आणि प्रयोजन चौथे. म्हणजे एकाच वस्तूच्या ठायी परस्परविरोधी धर्म भासल्यामुळे होणारे दोलायमान ज्ञान आधी येते आणि ज्याच्यासाठी माणूस प्रवृत्त होतो तो हेतू त्यानंतर. क्वांटम तंत्रज्ञानाचे संशोधक घडवणारी जी व्यवस्था भारतात आज उभी राहत आहे, तिच्यात हा क्रम उलटला आहे काय, हे तपासणे अगत्याचे आहे.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली आणि पुढे संगणनाचे केंद्र बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे, तर संवेदन व मापनाचे आयआयटी मुंबईकडे आले. तरुणांना संधी मिळाली, हे स्वागतार्हच आहे. परंतु आठ वर्षांत पन्नास ते हजार क्युबिटांचे संगणक असे उद्दिष्ट आधीच ठरलेले असल्याने, संशोधकाचे प्रयोजनही त्याच्या प्रवेशापूर्वीच ठरून जाते.

अतिवाहक मंडलांवर काम करणारा विद्यार्थी निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या जेमतेम शंभराव्या भागाइतक्या तापमानात क्युबिटची, म्हणजे शून्य आणि एक यांच्या मिश्र अवस्थेत राहू शकणाऱ्या माहितीच्या एककाची, तीच अवस्था हजारो वेळा तयार करून मोजतो. प्रत्येक वाचन शून्य किंवा एक एवढेच सांगते. त्यांच्या सरासरीतून मात्र सलग वक्र उमटतो. मग मोजण्यापूर्वी तेथे काय होते? हा संशय त्याच्या हाताखालीच जन्मतो आणि बहुधा तेथेच दडपला जातो, कारण प्रबंधाला वक्र पुरतो.

मोजण्यापूर्वी काय होते, याच संशयातून एक कसोटी निघाली. दूरस्थ कणांचे गुणधर्म मोजण्याआधीच निश्चित असतील आणि त्यांचा एकमेकांवर तत्क्षणी परिणाम होत नसेल, तर त्यांच्या मापनांतील परस्परसंबंधाला मर्यादा पडते, हे भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी १९६४ मध्ये सिद्ध केले. त्यांची उपजीविका मात्र सर्न या युरोपीय संशोधन संस्थेतील वेगळ्याच कामावर चालत होती. ही मर्यादा प्रयोगाने तपासण्याची योजना घेऊन आलाँ आस्पे त्यांना भेटले, तेव्हा बेल यांनी प्रथम विचारले ते तुम्हाला कायमची नोकरी आहे काय, हे. निसर्ग ही मर्यादा ओलांडतो, असे दाखवणाऱ्या प्रयोगांसाठी आस्पे, क्लॉसर आणि त्साइलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९९१ मध्ये आर्टुर एकर्ट यांनी बेल यांच्याच निष्कर्षावर गुप्तसंदेशाची किल्ली वाटण्याची पद्धत उभारली.

तेव्हा संशय पुढे उपयोगी पडतो म्हणून त्याला वाव द्यावा, असा युक्तिवाद सहज सुचतो. पण तो संशयाला पुन्हा प्रयोजनाच्या दावणीला बांधतो. किल्ली निघाली नसती, तरी जग कसे असू शकत नाही हे कळणे ज्ञानच ठरले असते. न्यायसूत्रांवरील वात्स्यायनांच्या भाष्याप्रमाणे न्यायाची प्रवृत्ती अगदी अज्ञात किंवा पुरत्या निर्णीत अर्थाविषयी होत नाही, संशयित अर्थाविषयी होते. म्हणून संशय हे विचाराचे अधिष्ठान आहे, फावल्या वेळचा छंद नव्हे. मिशनच्या निधीवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मापनाच्या अर्थावर प्रबंधाचे एक प्रकरण लिहू द्यावे, आणि मार्गदर्शकांनी व परीक्षकांनी ते मुख्य कामाचाच भाग म्हणून तपासावे.