चवदार तळ्याची दहा वर्षे



मागच्या महिन्यात इतिहासाच्या तासाला एका मुलाने विचारले, "गुरुजी, बाबासाहेब १९२७ साली तळ्याचे पाणी प्यायले, मग हक्क मिळायला १९३७ साल का उजाडले?" प्रश्न साधा, पण मला झोंबला. दर वर्षी २० मार्चला आपण महाडच्या क्रांतिभूमीला वंदन करतो. त्या ओंजळीच्या आधीची आणि नंतरची वर्षे मात्र विसरतो.

१९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. १९२४ साली महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले. पण ठराव कागदावर राहिला, घागर कोरडीच राहिली. २० मार्च १९२७ रोजी गावोगावची हजारो गरीब माणसे बाबासाहेबांमागून तळ्यावर गेली, तेव्हा त्या कागदात जीव आला. त्याच दिवशी आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. उलट हात उगारायला निघालेल्यांना बाबासाहेबांनी आवरले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दिवाणी न्यायालयाचा मनाईहुकूम आला. मग लढा न्यायालयात चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, अस्पृश्यांना अडविण्याची अनादी रूढी सिद्ध झालेली नाही. पुढे संविधानाच्या १५ व्या कलमात विहिरी, तळी आणि स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आला.

तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम सांगितला आहे. न उपजलेले अकुशल उपजू न देणे, उपजलेले टाकून देणे, न उपजलेले कुशल निर्माण करणे आणि निर्माण झालेले राखून वाढविणे, असे हे चार प्रयत्न. महाडच्या माणसांनी द्वेष उपजू दिला नाही, मनातली गुलामी टाकली, स्वाभिमान निर्माण केला. त्यातली बहुतेक माणसे निरक्षर होती. व्यायाम मात्र सम्यक होता.

चौथा प्रयत्न आपल्या वाट्याला आला आहे. उपासक-उपासिकांनो, मी आज दुसऱ्याला दोष द्यायला उभा नाही. भर उन्हात पालावरचे एखादे पोर आपल्या दारात पाणी मागायला आले, तर आपण त्याच्या हातात तांब्या देतो, की त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओततो? मातंग शेजाऱ्याच्या घरचा चहा आपण घेतो का? बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असून जर हे घडत नसेल, तर १९२४ च्या त्या ठरावासारखी आपली दीक्षाही कागदावरच राहिली, असे म्हणावे लागेल.

त्या मुलाला मी सांगितले, "बाळ, ती दहा वर्षे वाया गेली नाहीत. माणसे मागे फिरली नाहीत, म्हणून कायद्याला पुढे यावे लागले." येत्या पौर्णिमेला विहारात येताना प्रत्येकाने आपल्या घरचा तांब्या आठवावा, एवढीच विनंती.

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!