व्यसन एकट्याचे, धोका शहराचा

बेंगळुरूत शिकायला आणि नोकरीला आलेली आपली कितीतरी मुले पीजीमध्ये राहतात. एका खोलीत तीन खाटा, पण मनातले सांगायला कोणी नाही. पहिली गोळी अनेकदा अशाच खोलीत मिळते, तीही फुकट आणि मित्राच्या हातून.

वाणिज्य शाखेत शिकत असल्याने मला यातला हिशेब आधी दिसतो. फुकटानंतर उधारी येते. घरून आलेले पैसे पुरेनासे झाले की तोच मुलगा आणखी चौघांना माल पोहोचवू लागतो. ग्राहकच विक्रेता झाला! त्या पैशाच्या दुसऱ्या टोकाला टोळ्या असतात. २०२० मध्ये एनसीबीने बेंगळुरूत कारवाई केली, तेव्हा चर्चा झाली ती सिनेमातल्या नावांची. पीजीतल्या मुलाची चर्चा कोण करणार?

साधकहो, घरचे गप्प बसतात ते अटकेच्या भीतीने. आणि ही गप्पच टोळ्यांच्या कामी येते. खरे तर १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती स्वतःहून शासनमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार मात्र अर्धवट सोडता येत नाहीत. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये व्यसनोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे. १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे.

आज ध्यानाला बसण्यापूर्वी मुलाला फोन करा. ‘जेवलास का?’ एवढेच विचारून ठेवू नका. कोणाबरोबर जेवलास, तेही विचारा, आणि तो बोलू लागला तर मध्ये उपदेश करू नका.