आजचं चिंतन : गीता १८.४६ आणि आईच्या गोधड्या

काल आपण अठराव्या अध्यायातला ४५ वा श्लोक पाहिला. आपापल्या कामात रमलेला माणूस सिद्धीला पोचतो एवढं सांगून भगवंत म्हणतात, कसा पोचतो ते आता ऐक. ते 'कसा' म्हणजे आजचा ४६ वा श्लोक. साध्या मराठीत अर्थ असा : ज्याच्यापासून सगळी भूतं निघाली आणि ज्याने हे सगळं व्यापलंय, त्याची पूजा माणसाने आपल्या कामाने करावी, आणि त्या पूजेनेच त्याला सिद्धी मिळते.

हा श्लोक ऑफिसच्या भाषणांत फार वापरला जातो. काम हीच पूजा, टाळ्या, चहा. त्यामुळे तो मला जरा गुळगुळीत वाटायला लागला होता. पण गेले दहा दिवस मी गावाकडून काम करतोय, आणि इथे घरात रोज दुपारी तो डोळ्यांसमोर घडताना दिसतोय, म्हणून आज त्यावर सविस्तर लिहितो.

आमच्या तालुक्याच्या गावी ग्रामदैवताच्या जत्रेत शाळेच्या मैदानावर महिला बचत गटांचं प्रदर्शन भरतं. पुण्याच्या भीमथडी जत्रेसारखं मोठं नाही. पापड, मसाले, घोंगड्या, लोणची, आणि एका बाजूला गोधड्यांची स्पर्धा. नियम थोडेच. हाताने शिवलेली हवी, मशीनचा टाका चालणार नाही. धुऊन आणायची. एका बाईच्या जास्तीत जास्त दोन. आणि फॉर्मवर एक रकाना : विक्रीसाठी आहे / नाही. पहिलं बक्षीस मिक्सर. ("मिक्सर आहे आपल्याकडे," असं आईने फॉर्म वाचतानाच सांगून टाकलं.)

आईच्या ट्रंकेत तीन गोधड्या आहेत आणि तिन्ही अर्धवट. एक दुपटं, एक मोठी, आणि एक आजीच्या लुगड्यांची. आजी जाऊन सहा वर्षं झाली. तिची दोन नऊवारी लुगडी आणि आजोबांचं धोतर यांची ती गोधडी आईने त्याच वर्षी घातली होती. घातली म्हणजे जमिनीवर पसरून थर लावले, कड दुमडून घेतली आणि बाहेरून शिवत आत यायला सुरुवात केली.

ज्यांनी गोधडी शिवताना पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे कडेपासून सुरुवात करतात. साधा धावदोरा, चारही बाजूंनी फिरत जायचं, एक फेरा झाला की बोटभर आत सरकून दुसरा. चौकोनात चौकोन, चौकोनात चौकोन. सगळ्यात जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड खालच्या बाजूला, कारण अंगाला लागते ती बाजू खालची. फिरत फिरत शेवटी मधोमध हातभर चौकोन उरतो. तो बंद करायच्या आधी आई आत चार तांदूळ घालते. गोधडीचं पोट रिकामं राहू नये म्हणतात. मग वर एक ठिगळ लावून शेवटचे टाके. देवळातल्या प्रदक्षिणेसारखंच ते चालतं, फक्त प्रत्येक फेऱ्याला बाई गाभाऱ्याच्या बोटभर जवळ जाते.

आजीच्या गोधडीचा तो मधला चौकोन सहा वर्षं उघडा आहे.

आता मूळ मुद्द्याकडे. आईचं म्हणणं होतं की प्रदर्शनात द्यायच्याच नाहीत. "टाके वाकडे आहेत. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याला दिसत नाही धड. कशाला हसू करून घ्यायचं?" आणि याला तिने गीतेचाच आधार दिला. फळाची आशा धरू नये ना, मग स्पर्धेत उतरायचंच कशाला?

हा युक्तिवाद आपल्या वारकरी घरांत फार आढळतो, आणि मला तो पटत नाही. दुसऱ्या अध्यायातला ४७ वा श्लोक सगळ्यांना पाठ असतो, पण तो आपण पहिल्या दोन चरणांपर्यंतच जगतो. कर्मावर तुझा अधिकार, फळावर नाही. तिसरा चरण म्हणतो, फळासाठी म्हणून कर्म करणारा होऊ नकोस. आणि चौथा? चौथ्यात भगवंत बजावतात की कर्म न करण्याचीही तुला गोडी लागू देऊ नकोस. हा चौथा चरण कुणी सांगत नाही. हरण्याची भीती ही फळाचीच आशा आहे, तोंड फिरवून बसलेली. 'मला बक्षीस हवं' म्हणणारा आणि 'मला हसतील म्हणून मी नकोच' म्हणणारा, दोघांचीही नजर मैदानातल्या त्या टेबलावरच असते.

आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे, की कामाच्या पहिल्या नव्वद टक्क्यांना नव्वद टक्के वेळ लागतो, आणि उरलेल्या दहा टक्क्यांना पुन्हा तेवढाच. विनोदाच्या मागे खरं कारण आहे. पहिल्या भागात काम आपल्या एकट्याचं असतं. शेवटच्या भागात ते दुसऱ्याच्या हातात जाणार असतं, तपासलं जाणार असतं. म्हणून तिथे हात जड होतो. अर्धवट गोधडीला कुणी वाकडी म्हणू शकत नाही, कारण ती अजून गोधडीच नाही.

ज्ञानेश्वर माउली आजच्या श्लोकावर बोलताना कर्मालाच फूल करतात. त्या सर्वात्मक ईश्वराला आपल्या कर्माची फुलं वाहायची, ही त्यांची कल्पना. हा दृष्टांत हातात घेऊन मी बराच वेळ बसलो, कारण फूल वाहण्याचे आपल्या घरांत नियम आहेत आणि ते सगळ्यांना ठाऊक आहेत. कळी शक्यतो वाहत नाहीत. तुटलेलं, किडकं वाहत नाहीत. वाहण्याआधी वास घेत नाहीत. आणि एकदा वाहिलं की ते आपलं राहत नाही. दुसऱ्या दिवशी निर्माल्य होतं, आणि कालचं माझं फूल कुठे गेलं असं पुजाऱ्याला विचारायला कुणी जात नाही.

हे चारही नियम गोधडीला लावून बघा. पुरी करायची. जमेल तितकी नीट करायची. शिवतानाच स्वतःचं कौतुक हुंगत बसायचं नाही. आणि दिली की दिली. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पण ते देवाला वाहतात. मी काय शाळेच्या मैदानाला वाहू?"

प्रश्न खरा होता. त्याचं उत्तर श्लोकातच आहे, एका शब्दात. तो शब्द 'ततम्'. आपण त्याचा अर्थ व्यापलेलं असा घेतो. धातू आहे तन्, म्हणजे ताणणं, पसरणं. याच धातूपासून तंतू शब्द आला. म्हणजे ज्याची पूजा करायची तो या सगळ्यात ताणलेल्या धाग्यासारखा पसरलेला आहे. सातव्या अध्यायाच्या ७ व्या श्लोकात तर भगवंत दोराच होतात, आणि आपण सगळे त्यात ओवलेले मणी. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्यांना एकामागून एक प्रश्न विचारते, हे सगळं कशात ओतप्रोत आहे, आणि ते कशात? ओतप्रोत हा शब्द आपण मराठीत भक्तीने ओतप्रोत, प्रेमाने ओतप्रोत असा सहज वापरतो. मुळात तो मागावरचा शब्द आहे, उभ्या-आडव्या धाग्यांचा. गार्गीने विश्वाबद्दल विचारलं ते विणकाराच्या भाषेत.

मग तो धागा परीक्षकाच्या टेबलाशी येऊन तुटतो का? शेजारच्या स्टॉलवरच्या बाईत नाही का? गोधडी उलटी करून टाके मोजणाऱ्या अनोळखी माणसात नाही? श्लोकाने 'सगळं' म्हटलंय, त्यातून शाळेचं मैदान वगळलेलं नाही.

इथे नामदेव महाराजांची आठवण होणारच. ते शिंपी. त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत, आणि त्यांतल्या एकात ते मनाला गज करतात, जिभेला कात्री करतात. सुई सोन्याची, दोरा रुप्याचा, आणि त्याने आपलं चित्त हरीला शिवून टाकतात. धंदा सोडून भक्ती करायला ते निघालेले नाहीत. गज, कात्री, सुई, दोरा, दुकानातलं सगळं सामान घेऊनच ते देवाकडे गेले.

आणि त्यांच्याच घरी जनाबाई. महिपतींनी 'भक्तविजया'त सांगितलेली तिची कथा तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. पांडुरंग रात्री जनीकडे आले, पहाटे काकड आरतीची वेळ झाली तशी घाईत निघाले आणि आपला शेला, रत्नाचं पदक तिथेच टाकून तिची वाकळ पांघरून देवळात जाऊन उभे राहिले. सकाळी बडवे बघतात तर पदक नाही आणि देवाच्या अंगावर वाकळ. आळ जनीवर आला, तिला चंद्रभागेच्या वाळवंटात सुळावर द्यायला नेलं, आणि सुळाचं पाणी झालं. कथेतला चमत्कार सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला त्या वाकळीचं वाटतं. शिंप्याच्या घरातल्या दासीची वाकळ, म्हणजे बहुतेक दुकानातल्या उरल्यासुरल्या चिंध्याच असणार. तिचे टाके सरळ होते का, हे महिपती सांगत नाहीत. देवाने ती पांघरली तेव्हा ती सगळ्या पंढरपुरासमोर आली, काकड आरतीच्या उजेडात. जनीने ती कधी लोकांपुढे मांडली असती असं मला वाटत नाही.

ही कथा आईला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, त्यामुळे मी ती तिला सांगितली नाही. फक्त सोमवारपासून रोज सकाळी, माझी आठची मीटिंग सुरू व्हायच्या आधी, वीस सुयांमध्ये दोरा ओवून उशीला टोचून ठेवतो. डोळ्यामुळे तिला ओवणंच जमत नव्हतं, शिवणं जमतं. हात बोटाच्या अंदाजाने चालतो. दुपारपर्यंत विसांपैकी पंधरा-सोळा संपतात. बचत गटातल्या एकीने सुचवलं, "मावशी, मधला भाग मशीनवर मारून घ्या, ठिगळाखाली कुणाला दिसतंय?" आई म्हणाली, "तांदळाला दिसेल की."

दुपटं मंगळवारी पुरं झालं. मोठी गोधडी यंदा राहू दे म्हणाली. आजीची काल रात्री मधल्या चौकोनापर्यंत आली.

आणि मग फॉर्मवरचा तो रकाना. दुपट्यापुढे तिने 'विक्रीसाठी आहे' लिहिलं, ते अपेक्षितच होतं. आजीच्या गोधडीपुढेही तिने तेच लिहिलं. मी म्हणालो, "आई, ही नको. ही मला दे." तिने चष्मा काढला आणि म्हणाली, "तुझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये थंडी कुठे असते? कपाटात ठेवशील. सहा वर्षं ट्रंकेतच होती ना? ज्याला लागेल तो घेईल. पांघरायची वस्तू आहे ती."

सिद्धी म्हणजे काय यावर आचार्यांनी पुष्कळ लिहिलंय. शंकराचार्य तिला ज्ञाननिष्ठेची योग्यता म्हणतात, म्हणजे अजून पुढे चालायचं आहेच. फूल वाहिल्यावर पुजाऱ्याला विचारू नये हा नियम मीच वर लिहिलाय, आणि तरी ते लुगडं, त्याचा तो विटलेला हिरवा काठ, दुसऱ्या कुणाच्या घरी जाणार हे मला अजून गोड वाटत नाही. आईला वाटतंय. तिने दर लिहायची जागाही भरली, आणि मी वाढवायला सांगितला तर ऐकलं नाही.

परवा सकाळी दहापर्यंत गोधड्या द्यायच्या आहेत. उद्या पहाटे ती तांदूळ घालून पोट बंद करणार. धुऊन वाळवायला ऊन एकच दिवसाचं मिळेल, म्हणून लवकर उठायचं ठरलंय. सुया ओवून ठेवल्यात.

उद्या ४७ वा श्लोक घेऊ. आपलं काम उणं असलं तरी तेच बरं, असं त्यात भगवंत म्हणतात. वाकड्या टाक्यांचा विषय तिथे नीट येईल. वाचून ठेवा.

रामकृष्ण हरी.