बारा वेळा ए

इसापाच्या गोष्टी मराठीत छापून निघाल्या त्या पुण्या-मुंबईच्या आधी तंजावरात. सरफोजीराजांच्या छापखान्यातून 1806 साली ‘बालबोध मुक्तावली’ बाहेर पडली, तेव्हा गणपत कृष्णाजींचं छापील पंचांग मुंबईत यायला आणखी पंचवीस वर्षं होती. चेन्नईतल्या मैलापुरात राहणाऱ्या एका आजोबांना ही माहिती तोंडपाठ होती आणि ते ती दूधवाल्यापासून भाडेकरूपर्यंत कुणालाही ऐकवत. आजोबा तंजावरी मराठी. घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी व्यंकोजीराजांच्या मागोमाग दक्षिणेत उतरलेलं. स्वतः मात्र कुठल्या दरबारात नव्हे, जॉर्ज टाउनमधल्या एका छापखान्यात जुळारी म्हणून उभं आयुष्य काढलेले. लग्नपत्रिकांच्या दुकानांनी गजबजलेली अँडरसन स्ट्रीट तिथून हाकेच्या अंतरावर. तमिळ, इंग्रजी, संस्कृत असं जे येईल ते त्यांनी खिळा खिळा उचलून जुळवलं होतं.

म्हातारपणी त्यांच्या मनाने घेतलं की चेन्नईतल्या आपल्या मुलांसाठी मराठीत बारा बोधकथांचं पुस्तक काढायचं. ही मुलं घरात तंजावरी मराठी बोलतात, रस्त्यावर तमिळ, शाळेत इंग्रजी. देवनागरी त्यांना येते, पण अडखळत येते. गोष्टी आजोबांनी लिहून काढल्या. चित्रांचं काम त्यांनी माडीवरच्या भाडेकरू मुलीला सांगितलं. ती मुंबईची, जे. जे.मधून उपयोजित कला शिकलेली, नोकरीसाठी चेन्नईला आलेली.

“चित्रं नकोत,” आजोबा म्हणाले, “कागदाचा खर्च वाढतो. प्रत्येक गोष्टीचं पहिलं अक्षर तेवढं मोठं कर, नटवं कर. पोरांनी पुस्तक उघडलं पाहिजे.”

मुलीला हे फारच आवडलं. अक्षर सजवण्याच्या एका स्पर्धेत ती त्याच सुमारास भाग घेणार होती. अशा स्पर्धा आता पुष्कळ निघाल्या आहेत. बार्सिलोनातून 2014 साली सुरू झालेल्या उपक्रमात तर जगभरचे कलाकार 36 दिवसांत 26 इंग्रजी अक्षरं आणि 10 अंक काढतात. हिची स्पर्धा लहान होती. नियम एकच : एक चौकोन, त्यात एक अक्षर. म्हणजे एका दगडात दोन पक्षी. बारा गोष्टी, बारा अक्षरं, तीच पुस्तकात आणि तीच स्पर्धेत.

हस्तलिखित उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. एका रानात एक कोल्हा होता. एका गावात एक म्हातारी होती. एका झाडावर एक कावळा बसला होता. बाराच्या बारा गोष्टी ‘एका’ने सुरू होत होत्या. आपल्याकडे बोधकथा दुसऱ्या कशाने सुरू होतच नाही, हे तिला माहीत असायला हवं होतं. पण ज्या शब्दाने सगळं सुरू होतं त्याकडे बघतो कोण?

तिने आधी पळवाट शोधली. “आजोबा, ‘कोल्हा एका रानात राहत होता’ असं केलं तर?” आजोबांनी मान हलवली, करून बघ म्हणाले. तिने करून बघितलं. पुस्तक मांडायच्या सॉफ्टवेअरला पहिलं अक्षर तीन ओळींएवढं मोठं करायला सांगितलं, तर त्याने नुसता क उचलला. काना आणि मात्रा मागेच राहिल्या, ठिपक्यांच्या एका वर्तुळाला लटकून. हाताने जुळवलं, तर ‘को’ची मात्रा वरच्या मथळ्यात घुसली. आजोबा हसले. तमिळचं ‘को’ तर याहून अवघड, म्हणाले. तिथे एक खूण अक्षराच्या आधी येते आणि दुसरी नंतर. आमच्या वेळी असं मोठं अक्षर हवं असलं की आम्ही जस्ताचा ब्लॉक करून आणायचो आणि मात्रेसाठी वरच्या शिशाच्या पट्ट्या काढून जागा करायचो. ‘ए’ला मात्रा नाही, वेलांटी नाही, उकार नाही. देवाने दिलंय ते सोडू नकोस.

मग ती ईर्षेला पेटली. एकच अक्षर बारा तऱ्हांनी काढायचं! एक ए तिने मरीनाच्या कट्टुमरम नावेचा केला, दुसरा कपालीश्वराच्या गोपुराचा, तिसरा मोरपिसांचा. सगळ्यांत सुंदर उतरला तो कोलमचा. मार्गळी महिन्यात मैलापूरच्या दारोदारी पहाटे तांदळाच्या पिठाचे कोलम घातले जातात. त्यांतला सिक्कु कोलम म्हणजे ठिपक्यांभोवती फिरणारी एकच अखंड रेघ : कुठे सुरू झाली, कुठे संपली, ते कळत नाही. घरच्या आजींकडून तिने ती रेघ शिकून घेतली आणि तिचाच ए विणला. तो खरोखर सुरेख होता. मी उगाच कौतुक करत नाही. स्पर्धेला पाठवला असता तर बक्षीस ठरलेलंच होतं.

पानं छापून आली तेव्हा आजोबांनी तिसरीतल्या नातवाला हाक मारली. “वाच रे.”

नातवाने चित्राकडे टक लावून बघितलं, बोटाने रेघ गिरवली, पुन्हा गिरवली. मग मोठ्याने वाचायला लागला, “का रानात एक कोल्हा होता...” थांबला. “का होता, अक्का?”

आजी पदर तोंडाला लावून हसल्या. मुलीने पुढचं पान उघडलं. “का गावात एक म्हातारी होती?” तिसरं. “का झाडावर एक कावळा बसला होता?” पोराने बारा गोष्टींचे बारा प्रश्न करून टाकले. ए त्याला दिसत होता, पण तो चित्र म्हणून. वाचायचं ते त्याच्या पुढे सुरू होतं, असं त्याने धरलं होतं.

मुलगी चिडली. आपल्या कामावर हसलं की कलावंत चिडतोच. ती म्हणाली, अक्षर म्हणजे नुसतं वाचायचं यंत्र आहे का? के. सी. एस. पणिकर बघा. एग्मोरच्या सरकारी कला महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते, चोलमंडळ हे कलाकारांचं गाव 1966 साली त्यांनीच वसवलं. ‘वर्ड्स अँड सिम्बल्स’ या मालिकेत त्यांनी कॅनव्हासभर लिपी लिहिली आणि तिच्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. तरी लोक त्या चित्रांपुढे तासभर उभे राहतात.

“राहणारच,” आजोबा म्हणाले. “मीही राहिलोय. पण त्या चित्राखाली पोरांसाठी गोष्ट लिहिलेली आहे का?”

ती गप्प झाली. आजोबांनी मग तिला युरोपातल्या पहिल्या छापील पुस्तकांची हकीकत सांगितली, जुळाऱ्यांच्या पिढ्यांत तोंडी चालत आलेली असावी तशी. पंधराव्या शतकातले मुद्रक पहिल्या अक्षराची जागा कोरी सोडत. छपाई झाल्यावर रंगारी येई आणि लाल-निळ्या शाईने, सोन्याच्या वर्खाने तिथे हाताने अक्षर काढी. रंगाऱ्याने चुकीचं अक्षर काढू नये म्हणून मुद्रक त्या कोऱ्या चौकोनात तेच अक्षर बारीकसं छापून ठेवत. पुढे कित्येक पुस्तकांना रंगारी मिळालाच नाही. पैसे संपले, वेळ संपला, काही का असेना. ती पुस्तकं तशीच विकली गेली. चौकोन रिकामा, मधे ते मुंगीएवढं अक्षर.

“आणि लोकांनी ती वाचली,” आजोबा म्हणाले. “रंगारी आला नाही म्हणून कुणाचं अडलं नाही. बारीक अक्षर गेलं असतं तर अडलं असतं.” मग जरा थांबून म्हणाले, “आपल्या पोथ्यांत तर मोठं अक्षर नव्हतंच. श्रीगणेशाय नमः पासून सगळे एका रेघेखाली. फार तर दंडाला तांबडी शाई.”

त्या रात्री मुलीने विल्यम मॉरिसच्या अक्षरांचं पुस्तक पुन्हा काढलं. लंडनमध्ये 1891 साली केल्मस्कॉट प्रेस काढून मॉरिसने जी आद्याक्षरं घडवली, त्यांवर ती कॉलेजपासून भाळलेली होती. वेलबुट्टीसाठी भाळलेली. आता बघते तो काय, वेल अक्षरात नाहीच. वेल मागे आहे. पुढे पांढरं, ठसठशीत, साधं अक्षर उभं आहे आणि वेलीने त्याची कड कुठेही मोडलेली नाही. तिने मात्र वेलीचंच अक्षर करून ठेवलं होतं. कोलमच्या ए मध्ये शिरलेल्या डोळ्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. रेघ पुन्हा पुन्हा तिथेच फिरत होती आणि पोराचं बोटही.

दुसरी खोट तिला सकाळी दिसली, फूटपट्टी घेऊन बसल्यावर. इंग्रजी अक्षर जमिनीवर उभं राहतं. म्हणून मोठं इंग्रजी अक्षर तिसऱ्या ओळीच्या पायाशी टेकवतात आणि काम भागतं. तिनेही सवयीने तेच केलं होतं. पण देवनागरी वरून लोंबते. सगळी ओळ शिरोरेषेला टांगलेली असते, आणि तिच्या ए ची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेहून बोटभर वर निघून गेली होती. ‘का’ खाली एकटा पडला होता. अशा ‘का’ला शेजारच्या ए शी आपलं काही नातं आहे हे कसं कळावं? त्या आठ वर्षांच्या पोराला तरी कसं कळावं?

पुढचे कित्येक दिवस तिने एकच काम केलं, आणि ते आधीच्या सगळ्याहून अवघड गेलं. एक साधा ए घडवला. बोरूच्या वळणाचा, जाड-बारीक नेमका, पोटात पुरेशी मोकळी जागा असलेला. मग तोच ए बारा वेळा ठेवायचा ठरवलं, रेसभरही न बदलता. बदलेल ते मागचं. कोल्ह्याच्या गोष्टीत मागे द्राक्षांचा मांडव, कावळ्याच्या गोष्टीत मागे नारळाची झापं, कुठे गोपुर, कुठे समुद्र. हात शिवशिवायचा. कधी ए च्या शेंड्याला एखादी चोच फुटायची, कधी पायाला शेपूट. सकाळी उठून ती पुसून टाकायची. शिरोरेषा तिने पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला आणून मिळवली आणि ‘का’पर्यंत सलग नेली, मधे फट न ठेवता.

कोलमचं पान तिने शेवटी केलं. ठिपके ए च्या मागे, रेघ त्यांच्याभोवती. आजी बघायला आल्या आणि म्हणाल्या, “रेघ उघडी सोडू नकोस हं, कोलमची रेघ तुटत नाही.” तिने उघडी सोडली नाही. ठिपक्यांभोवती फिरून आलेली रेघ तिने उजवीकडून बाहेर काढली आणि तीच ‘एका’ची शिरोरेषा केली.

पुन्हा नातवाला बोलावलं. पोर पुस्तक घेऊन जमिनीवर पालथं पडलं आणि वाचत सुटलं. एका झाडावर एक कावळा बसला होता, त्याच्या चोचीत... दोन पानं संपली तरी त्याने अक्षराबद्दल चकार शब्द काढला नाही. मुलगी वाट बघत होती. न राहवून तिने विचारलं, “अक्षर कसं वाटलं रे?”

“कुठलं अक्षर?” तो म्हणाला. “अक्का, कावळ्याने तोंड उघडलंच कशाला?”

तिला वाईट वाटलं की बरं वाटलं, हे तिने कुणाला सांगितलं नाही. आजोबांनी मात्र चष्मा काढून पान डोळ्यांजवळ नेलं, शिरोरेषेवरून अंगठा फिरवला आणि एवढंच म्हणाले, “सरी. फर्मा लावा.”

स्पर्धेलाही तिने तेच पाठवलं. नुसता ए नाही, ‘एका’ पाठवला. ए वेगळा काढला की शिरोरेषा मधेच तुटते, म्हणून. परीक्षकांनी तो बाद केला. चौकोनात दोन अक्षरं आहेत, असं कळवलं. नियमाने त्यांचं बरोबरच होतं. कोलमच्या रेघेचा तो पहिला, एकटा ए तिच्याकडे होता, तो पाठवता आला असता. तिने पाठवला नाही.

येत्या दिवाळीत तुमच्या घरी अंक येतील. आजकाल त्यांत पहिल्या अक्षराला महिरप, पाकळ्या, पणत्या काय काय लावलेलं असतं, आणि बऱ्याचदा शिरोरेषा कुठल्या कुठे गेलेली असते. अंक उघडलात की ते पान घरातल्या देवनागरी नुकतीच शिकलेल्या पोराच्या हातात द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. ते दुसऱ्या अक्षरापासून वाचायला लागलं, तर संपादकांना एक पोस्टकार्ड टाका.