बाळाची बाळंती आणि घरातील शांती

शास्त्रवाचन : रूथ, अध्याय ४, वचने १३ ते १७, रोमकरांस पत्र, अध्याय १४.



आषाढ लागला म्हणजे मेढ्याच्या खोऱ्यात सूर्य कित्येक दिवस तोंड दाखवीत नाही. महाबळेश्वराच्या डोंगरावर वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच डोंगरांतून निघालेली वेण्णा मेढ्यावरून पुढे कण्हेरच्या धरणास जाऊन मिळते, आणि केळघरच्या घाटाकडून येणारे धुके थेट माजघरात शिरते. अशा दिवसांत ज्या घरी तान्हे मूल असते, त्या घरी पडवीपासून चुलीपर्यंत बाळंती, दुपटी, झबली व कुंच्या टांगलेल्या दिसतात. दिवसाला दहा-पंधरा बाळंती ओली होतात आणि दोनसुद्धा धड वाळत नाहीत. मग त्यांवरून सासूसुनेत शब्दाला शब्द लागतो. बाहेरच्यास हे हसण्याजोगे वाटेल. परंतु ज्या उपदेशकांस घरोघर जावे लागते त्यांस ठाऊक आहे की पुष्कळ घरांतील अबोला अशाच एखाद्या ओल्या फडक्यापासून सुरू झालेला असतो. म्हणून या विषयावर शास्त्राच्या उजेडात चार शब्द लिहावे असे आम्हांस वाटले.

हा विषय देवाच्या वचनास शोभण्याजोगा नाही असे कोणी म्हणू नये. लूकाने आपल्या प्रभूच्या जन्माची हकीकत सांगताना बाळंत्याचा उल्लेख केला आहे, आणि आपल्या मराठी शास्त्रात तेथे तोच शब्द आला आहे, जो आपल्या मायबहिणी रोज उच्चारतात. जगाचा तारणारा बाळंत्यात गुंडाळला गेला. तेव्हा ती बाळंती कोणी तरी धुतली असतील आणि कोठे तरी वाळतही घातली असतील. ज्या कामास मरीयेचे हात लागले ते काम हलके कसे म्हणावे?

आता वादाचे मुद्दे पाहू. सून म्हणते, कपडा पिळून वाळत घालावा. सासू म्हणते, बाळाचा कपडा पिळू नये, पिळल्याने बाळाच्या पोटात मुरडा येतो. सून म्हणते, पाऊस थांबला आहे तर रात्रभर दोरीवर राहू द्या. सासू म्हणते, दिवस मावळल्यावर बाळाचा कपडा बाहेर राहिला, त्यावर पाखराची सावली पडली, तर मूल सुकत जाते. सासू शेगडीवर टोपली उपडी घालून तीवर बाळंती पसरते आणि ओवा व वेखंड टाकून धुरी देते. सून म्हणते की धुराने बाळ खोकते. दोघींच्या मध्ये नवरा, तो ओसरीवर बसून काही ऐकूच आले नाही असे दाखवितो.

या सर्व गोष्टी आपण एकाच मापाने मोजू लागलो तर चुकू. काही चालीरीती चांगल्या असतात, मात्र त्यांस दिलेले कारण खोटे असते. काही चाली निरुपद्रवी असतात. आणि काही चाली प्रेमाने केलेल्या असल्या तरी मुलास अपाय करितात. हा भेद ओळखणे हेच शहाणपण होय.

सूर्यास्तापूर्वी कपडे आत घेणे ही रीत चांगलीच आहे. रात्री दव पडते, श्रावणातली सर सांगून येत नाही, आणि अर्धवट वाळलेला कपडा पुन्हा भिजतो. देवाने मोशेच्या द्वारे इस्राएलास आज्ञा दिली होती की गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर ते सूर्य मावळण्यापूर्वी परत करावे, कारण रात्री तो काय पांघरणार? रात्रीच्या थंडीत मनुष्यास कोरडे वस्त्र हवे, ही गोष्ट देवास ठाऊक आहे. तेव्हा कपडे अवश्य आत घ्यावे. परंतु ते दवासाठी व पावसासाठी घ्यावे, पाखराच्या भयाने घेऊ नये.

कारण हे भय निरुपद्रवी नाही. मूल सुकू लागले म्हणजे जी आई सावलीस दोष देते, ती खरे कारण शोधीत नाही. मूल सुकते ते पोटास पुरेसे न मिळाल्याने, वरचेवर जुलाब झाल्याने, छातीत कफ साठल्याने. सावली उतरविण्यात आठ दिवस गेले तर तेच आठ दिवस औषधाचे होते. आपल्या देशात २ ऑक्टोबर १९७५ पासून अंगणवाड्यांची योजना सुरू झाली, आणि आज गावोगावी अंगणवाडीत मुलाचे वजन करून पाहण्याची सोय आहे. मूल सुकते असे वाटताच त्यास तेथे व तेथून सरकारी दवाखान्यात न्यावे. पूर्ण प्रीती भीतीस घालवून देते अशी योहानाची शिकवण आहे. ती भीती घालवावयाची, आणि प्रीतीने काट्यावर मूल ठेवावयाचे.

पिळण्याचा वाद निरुपद्रवी चालींपैकी आहे. कपड्याचा पीळ बाळाच्या पोटास पोहोचत नाही हे खरे. तथापि ज्या वृद्ध बाईस ते पाहवत नाही तिच्या डोळ्यांदेखत हट्टाने पिळलेच पाहिजे असेही नाही. ओले बाळंते कोरड्या जाड फडक्यात गुंडाळून दोन्ही तळव्यांनी दाबले तरी बरेचसे पाणी निघते. पौलाने रोम येथील मंडळीस हेच शिकविले. एक सर्व काही खातो, दुसरा भाजीपाला खातो. एक एखादा दिवस मानतो, दुसरा मानीत नाही. त्यांनी एकमेकांस तुच्छ लेखू नये व एकमेकांचा न्याय करू नये. ज्याला अधिक ज्ञान आहे त्याने दुसऱ्याच्या दुर्बळतेस सांभाळून घ्यावे. शिकलेल्या सुनेचे ज्ञान सासूस हिणविण्याकरिता नाही.

परंतु शेगडी व धूर यांविषयी आम्हांस स्पष्ट बोलले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे की घरातील धुरामुळे लहान मुलांस न्यूमोनिया होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. धुरी देणारीच्या मनात माया असते. परंतु तान्ह्याच्या छातीस मायेचा धूर व वैराचा धूर यांतला भेद कळत नाही. त्याहून भयंकर गोष्ट ही की, दारेखिडक्या लावलेल्या बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेविली असता तीतून एक विषारी वायू निघतो. त्यास वास नाही, रंग नाही. झोपलेली माणसे झोपेतच दगावतात. शिवाय टोपलीवरचे फडके घसरून निखाऱ्यावर पडले तर घर पेटावयास वेळ लागत नाही. या बाबतीत सासूने आपला हट्ट सोडावा अशी आमची हात जोडून विनंती आहे. पेटलेली शेगडी आईबाळाच्या निजावयाच्या खोलीत नसावी. कपडे वाळविण्यास आढ्याला बांबूची दांडी टांगावी, कपडे एकमेकांवर न टाकता सुटे पसरावे, वारा खेळेल अशी खिडकी उघडी ठेवावी. इस्त्री असेल तर राहिलेली ओल तिने घालवावी. दमट बाळंते बाळास बांधू नये. त्याने कातडी लाल होऊन सोलवटते व बुरशीचा विकार जडतो.

येथे सुनांसही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ऊन पडताच सारी बाळंती, गोधड्या व दुपटी अंगणात काढावयाची, ही वडीलधाऱ्या बायकांची शिस्त फार जुनी आहे. १८७७ साली इंग्लंडात डाऊन्स व ब्लंट या दोघांनी प्रयोग करून दाखविले की सूर्यप्रकाशाने जंतूंची वाढ खुंटते. आपल्या आज्यांनी तो प्रयोग वाचला नव्हता, परंतु उन्हाचा गुण त्यांस अनुभवाने ठाऊक होता. तेव्हा जुने ते सर्व खोटे असे म्हणणारी सून अर्धेच शिकली आहे.

तसेच सासूच्या भीतीमागे काय आहे तेही सुनेने समजून घ्यावे. शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात जन्मणाऱ्या पाच-सहा मुलांमागे एक मूल पहिले वर्ष पुरे करीत नसे. १९७१ सालीदेखील हजार मुलांमागे १२९ मुले वर्षाच्या आत दगावत होती. २०२० सालच्या सरकारी पाहणीत तो आकडा देशात २८ वर व महाराष्ट्रात १६ वर आला. हा फरक सुनेने पुस्तकात वाचला असेल. सासूच्या पिढीने तो आपल्या मांडीवर भोगला आहे. जिच्या आईने दोन लेकरे पुरली, ती पाखराच्या सावलीस भ्याली तर तिला मूर्ख म्हणू नये. तिच्याजवळ बसून सांगावे, “आत्याबाई, तुम्ही कपडे वेळेवर आत घेता ते बरे करिता. पण बाळाला भय सावलीचे नाही, ओलीचे आणि धुराचे आहे.” असे सांगितले तर ती ऐकेल. चारचौघींत टोमणा मारून सांगितले तर कधीच ऐकणार नाही.

आता पुरुषांकडे वळू. नीतिसूत्रांच्या सत्ताविसाव्या अध्यायात भांडखोर स्त्रीस पावसाळ्यातल्या सततच्या गळतीची उपमा दिली आहे. मेढ्याच्या माणसास ही उपमा समजावून सांगावयास नको. पुष्कळ पुरुष ती मोठ्या आवडीने आपल्या बायकांस ऐकवितात. परंतु बंधूंनो, गळणारे घर शाकारणे हे कोणाचे काम? कौले परतणे, वळचणीखाली दांडी बांधणे, दोरी ताणणे, बांबू आणणे, हे केले तर निम्मा वाद त्याच दिवशी मिटतो. आपल्या जावळीतले कित्येक जण मुंबईस माथाडीच्या कामास जातात, आणि घरी दोन बायका व एक मूल राहते. त्यांनी जाण्यापूर्वी एवढे करून जावे. आणि जो घरी आहे त्याने आईपुढे बायकोस व बायकोपुढे आईस दोष देऊ नये. दोघींच्या मध्ये गप्प बसण्यास तो शांती समजत असेल तर चुकतो. स्वतः दोन बाळंती वाळत घातल्याने कोणाचे पुरुषत्व वाहून जात नाही.

शेवटी रूथच्या पुस्तकाकडे या. रूथ मवाबी, नामी इस्राएली. देश निराळा, चालीरीती निराळ्या, आणि नाते सासूसुनेचे. रूथला मुलगा झाला तेव्हा नामीने ते बाळ उराशी धरिले व ती त्याची दाई झाली. शेजारणींनी तर नामीलाच मुलगा झाला असे म्हटले! रूथने त्यावर रुसवा धरिल्याचे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही. प्रसवली एक, सांभाळले दुसरीने, आणि दोघींच्या हातांतून जे मूल वाढले ते दावीद राजाचा आजा ओबेद.

आमच्या मते या वादाचे मूळ येथेच आहे. कपडा हे निमित्त आहे. खरा प्रश्न बाळ कोणाचे हा आहे. सून म्हणते माझे, सासू म्हणते आमच्या वंशाचे. शास्त्र म्हणते की ते देवाचे आहे व दोघींच्या हाती सांभाळावयास दिलेले आहे. ठेव ज्याची आहे त्यास एक दिवस हिशेब द्यावयाचा आहे, ही आठवण राहिली तर कोण जिंकले हा प्रश्न उरत नाही. बाळ कोरडे आहे काय, त्याची छाती मोकळी आहे काय, त्याचे वजन वाढते आहे काय, एवढेच दोघींनी मिळून पाहावयाचे राहते.

उपदेशक बंधूंनो, या पावसाळ्यात घरभेटीस जाल तेव्हा प्रार्थनेपूर्वी एकदा आढ्याकडे पाहा. दांडी नसेल तर घरधन्यास बांधावयास सांगा, आणि जमल्यास त्यास हात द्या. शेगडी निजावयाच्या खोलीत असेल तर नम्रतेने ती बाहेर ठेववा. मग सासूसुनेस जवळ बसवून, बाळास एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर देऊन, प्रार्थना करा. जो प्रभू स्वतः बाळंत्यात गुंडाळला गेला तो आपल्या घरांतील तान्ह्यांस सुखरूप राखो, आणि त्यांच्या आयाआज्यांस एक मन देवो. आमेन.