पितरांचा वडा आणि रसनेचा अधिकार

भाद्रपदाच्या वद्य पक्षात, म्हणजे पितृपंधरवड्यात, कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील भातशेती करणाऱ्या अनेक घरांत पितरांच्या पानावर खीर, गवारीची भाजी आणि भोपळा यांच्यासोबत तळलेले वडे वाढले जातात. तांदूळ व उडीद, थोडे धणे आणि मेथीदाणे दळून भिजवलेल्या पिठाचा गोळा केळीच्या पानावर थापून, काही घरांत मधोमध बोटाने भोक पाडून, वडा कढईत सोडला की तो आधी तळाशी जातो, मग वर येऊन फुगतो आणि कडेने तांबूस होतो. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा समाजातही वयोवृद्ध व्यक्ती गेल्यावर चवळीच्या वाटणाचा 'अकारा' हा वडा तळून वाटण्याची जुनी रीत आहे. ज्यांना देह उरला नाही त्यांच्यासाठी जिभेला सुखावणारा पदार्थ का करावा, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच उभा राहतो.

त्यातच तळलेले ते तामस, असा समज धार्मिक बोलण्यात रुजला आहे. पण भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायाचा त्याला आधार नाही. तेथे सात्त्विक, म्हणजे आयुष्य, बळ आणि प्रसन्नता वाढवणाऱ्या आहाराच्या लक्षणांत रसाळपणाबरोबर स्निग्धताही सांगितली आहे, तर तामस ठरतो तो शिळा, रस गेलेला आणि दुर्गंध आलेला आहार. यातील शिळेपणाचा दोष आहारशास्त्रालाही मान्य आहे, कारण पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाचे विघटन होऊन त्यात अपायकारक द्रव्ये तयार होतात. एक ग्रॅम स्निग्धांशातून सुमारे 9 किलोकॅलरी मिळतात, पिष्टातून 4. उडदामुळे तांदळातील लायसिन या प्रथिनघटकाची उणीव भरून निघते. तळलेल्या वड्यात ऊर्जा अशी दाट असल्याने गीतेच्याच सहाव्या अध्यायातील युक्ताहार, म्हणजे प्रमाणात घेतलेला आहार, येथे लागू होतो. त्या अध्यायात अति खाण्याइतकेच मुळीच न खाणेही योगाला बाधक मानले आहे.

हा दुसरा भाग प्रवचनांत सहसा गाळला जातो, आणि ते अन्यायाचे आहे. याच दोन तालुक्यांतील कातकरी आणि ठाकर वाड्यांवर, जिथे मुलांचे कुपोषण अजून सरलेले नाही, तेलातून मिळणारी ऊर्जा हा चैनीचा विषय नाही, आणि भरल्या घरातला संयमाचा उपदेश तिथे नेणे धर्माला धरून होत नाही. पितरांचे पान वाढणाऱ्या घरांनी या पंधरवड्यात वाडीवरच्या मुलांनाही वडे द्यावेत. उरलेले नव्हे, त्याच घाण्यातले, गरम असतानाच.